मोठीमायचं ‘भरले’

मोठीमाय कुठल्याही बागेत गेली की हाक मारायची. बाग म्हणजे जंगल नव्हे, हे तिला आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं सांगून पाहिलं होतं. चार घसरगुंड्या, एक कारंजं आणि सिमेंटचं हरीण एवढाच ज्या बागेचा पसारा, तिथंसुद्धा ती बाकावर सुपारी कातरता कातरता थांबे, मान वर करी आणि "हूऽऽ" असा लांबलचक आवाज काढी. फिरायला आलेली माणसं दचकत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं एखादं जोडपं उठून निघून जाई. मोठीमायला त्याचं काही नसे.

एकदा रखवालदार काठी घेऊन धावत आला. "आजी, कोण हरपलं?" त्यानं विचारलं.

"कोनी नाही हरपलं," ती म्हणाली. "हरपू नये म्हनून आवाज देल्ला."

तेवढ्यात घसरगुंडीवरून, झोपाळ्यावरून, कुंपणाच्या मागून आमच्या पोरांचे "ओऽऽ" येऊ लागले. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकामागून एक. मग मी, अगदी हळू, कारण माझ्या शाळेतले पालक तिथं फिरायला येतात. शेवटी आमचे हे, भेळेनं भरलेल्या तोंडानं. सगळ्यांचं देऊन झालं की मोठीमाय मान खाली घाली आणि म्हणे, "भरले." सांजेला ढोरं गोठ्यात आली आणि एकही मागे राहिलं नाही की आमच्या गावात जसं म्हणतात, तसंच. एवढं झालं की अडकित्ता पुन्हा चालू लागे.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आंधळगावच्या पुढं, जंगलाला लागून आमचं गाव. दोन्ही भावांची घरं एका अंगणात, त्यामुळे मी अर्धी तिच्याच हातची वाढले. अंगानं काटकुळी, आवाज मात्र असा की शेताच्या धुऱ्यावरून बोलली तर भाताच्या बांधीतल्या चिखलातल्या बायका कामं थांबवत. चैत्रात मोहाची फुलं पडू लागली की झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही तिच्यामागे टोपल्या घेऊन जंगलात जायचो. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. माणसं विखुरलेली, अंधूक उजेड आणि सगळ्यांच्या माना खाली, कारण फुलं जमिनीवर. अशा वेळी थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी ओ द्यायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. जनावराला माणसांचा वावर कळतो आणि माणसाला माणसांचा. आमच्या जथ्यात आवाज द्यायचं काम मोठीमायचं होतं.

त्याचे नियम होते आणि ते तिनं आम्हाला पाठ करून घेतले होते. नाव घेऊन हाक मारायची नाही. "नाव आयकनारे जंगलात बहुत असतेत," ती म्हणे. ओ लहानांनी आधी द्यायचा, मोठ्यांनी मग. आणि सगळ्यांत मोठा नियम, आपला ओ आपणच द्यायचा. एकदा मी करवंदाच्या जाळीत गुंतलेली असताना माझ्या मैत्रिणीनं माझा ओ देऊन टाकला. मोठीमाय टोपली टाकून आली आणि आम्हा दोघींच्याही पाठीत एकेक धपाटा बसला. "दुसऱ्याचा ओ देल्ला तं मानूस हरपते," ती म्हणाली. मी आता शाळेत शिकवते. मागच्या बाकावरून कोणी मित्राची हजेरी लावली तर मी फार वाईट रागावते. पोरांना वाटतं बाई खडूस आहेत. तशी मी आहेच, पण त्याचं कारण त्यांना ठाऊक नाही.

त्या आवाजाला शेवटचा ओ असे तो मोठेबाबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. जथ्यातले सगळ्यांत मोठे तेच. जाडाभरडा, नाकातून आल्यासारखा, जरा उशिराच. तो आला की मोठीमाय "भरले" म्हणे.

मी सहावीत होते त्या वर्षी आई मला घेऊन मामाकडे गेली होती. परत आलो ते मोठेबाबांच्या मातीलाच. मोह वेचताना वाघानं नेलं होतं. घरातल्या कोणी आम्हा पोरांना त्याहून जास्त काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तेरवीच्या जेवणाला मोठीमायचा प्रकाश, माझा प्रकाशदादा, तेव्हा सातवीतला, कोणाशी बोलेना, जेवेना. बाप गेल्यावर पोर असंच करणार, असं सगळे म्हणाले. पुढे तो शिकायला नागपूरला गेला, मग पुण्याला नोकरीला लागला. गावाकडे त्याचं येणं उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं उरलं.

मोठीमायनं मोह वेचणं सोडलं, पण जंगल सोडलं नाही. हे मला कधी कळलं नाही. ज्या झाडांनी तिचा माणूस नेला त्यांच्याकडे मी तिच्या जागी असते तर पाहिलंही नसतं. तिचं उलटं झालं. सुट्टीत सगळे जमले की रानात जाऊन रांधून जेवायच्या डब्बापार्टीचा हट्ट तिचाच. कधी गायमुख, कधी चांदपूरचा तलाव, कधी रावणवाडी. भाड्याच्या गाडीत गोवऱ्यांचं पोतं, कणीक, वांगी आणि आम्ही दहा-बारा जण कोंबलेले. मला स्वतःला ही रम्य ठिकाणं कधी मानवली नाहीत. मला तिथं मुंग्या दिसतात. पण मोठीमाय गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायला बसली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होई, आणि ते पाहायला म्हणून मी जाई. "घरात मानसं असतेत तं तोंडं फिरवून बसतेत," ती म्हणे. "भाईर आनलं का एका जाग्यावर येतेत." मग माणसं एका जागेवर आली की ती त्यांना आवाज देई, म्हणजे जी समोरच बसली आहेत त्यांनाही.

प्रकाशदादा सोबत असला की मात्र गाडी अडे. पोरं ओ देत, बायका देत, आमचे हे देत आणि मग सगळं थांबे. मोठेबाबांनंतर त्यांच्या घरातला मोठा पुरुष तोच, त्यामुळे शेवटची जागा आता त्याची होती. तो पाण्याकडे पाहत राही किंवा मोबाइल काढी. मोठीमाय हातातला रोडगा तसाच धरून वाट पाही. खूप वाट पाही. मग रोडग्यावरची राख झटकू लागे. तो असताना "भरले" आम्ही कधी ऐकलं नाही.

गायमुखला एकदा त्याची बायको मध्ये पडली. वहिनी पुण्याची, मनानं फार चांगली. सासूची ही खोड तिला गोडच वाटायची. प्रकाशदादा गप्प आहे असं पाहून तिनंच त्याच्या वतीनं आवाज घोगरा करून "ओऽऽ" दिला आणि हसली. पोरंही हसली. मोठीमायचा चेहरा असा झाला की हसणं तिथल्या तिथं विझलं. प्रकाशदादा उठला आणि खडकांवरून खाली उतरून गेला तो जेवायलाही आला नाही. वहिनी मला बाजूला घेऊन विचारू लागली, माझं काय चुकलं. मी म्हटलं, काही नाही, माणसं म्हातारी झाली की असं होतं. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं.

वाघ पाहायची कल्पना नातवंडांची. पुण्याच्या शाळेत सगळ्यांनी वाघ पाहिलेला आणि आपलं गाव जंगलाला लागून असून आपण नाही, ही त्यांना मोठी लाज वाटत होती. प्रकाशदादा नको म्हणत होता. हो म्हणाली ती मोठीमाय. "लेकरायले दाखव," ती म्हणाली. "मीबी येतो. म्या तं अजून पाह्यलाच नाही."

आम्ही उघड्या जिप्सीत बसून अभयारण्यात गेलो. फाटकावरच गाइडनं बजावलं, आत आवाज नाही. मोठीमायनं निमूट मान डोलावली आणि पदराचं टोक तोंडात धरलं. पुढचे तीन तास तिनं ते काढलं नाही. ऊन चढत होतं, सागाची पानं गळून गेली होती, वानरं एका झाडावर गोळा होऊन खोकल्यासारख्या आवाजात ओरडत होती, वाघ जवळ असल्याची खूण, आणि गाइडचे डोळे चमकले. मी मोठीमायकडे पाहत होते. तिच्या गळ्याची शीर वर आली होती. हाक तिथंच अडकून होती, मला ती दिसत होती.

आणि वाघ आला. रस्ता ओलांडून, कोणाकडे न पाहता, पलीकडच्या बांबूत गेला. पोरं आनंदानं थरथरत होती. मोठीमायनं पदर तोंडातून काढला.

"मले वाटे, मोठ्ठा असंल," ती हळूच म्हणाली. "लहानच हाये."

प्रकाशदादानं हे ऐकलं आणि तो तोंड फिरवून बसला.

फाटकाबाहेर जिप्सीतून उतरल्या उतरल्या तिनं आवाज दिला. तीन तासांचा साठलेला. चहाच्या टपरीवरचे पर्यटक पाहत राहिले. पोरांनी ओ दिला, आम्ही सगळ्यांनी दिला, या वेळी मी मोठ्यानं दिला. प्रकाशदादा तिच्यापासून चार हातांवर उभा होता. तो गाडीकडे निघून गेला.

त्या दिवशी परतताना ती भंडाऱ्याला माझ्याकडे उतरली. संध्याकाळी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी रागावलेलीच होते. म्हटलं, "मोठीमाय, त्याला नाही आवडत तर कशाला आवाज देतेस त्याला? सगळ्यांसमोर तुझा अपमान होतो."

तिनं दोन-चार खडे काढून टाकले. मग सुपातून मान वर न करता बोलू लागली.

"त्या दिसी म्या आवाज देल्ला. बारक्यायनं ओ देल्ला, परकासनं देल्ला, बायायनं देल्ला. तुह्या मोठेबाबाचा काही आला नाही. मंग परकासनंच मोठा आवाज काढून बापाचाबी देऊन टाकला."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"पोराचा आवाज मायले समजत नाही का वो?" ती म्हणाली. "मले समजला. मले हासू आलं. म्हटलं, पाह्य कसा बापाची नक्कल करून राहिला. अन् म्या म्हटलं, भरले. मंग टोपल्या भरेवरी आमी तथीच होतो. तुहा मोठेबाबा दोन झाडं पल्याड पडला होता."

"त्याला माहीत आहे, तुला हे कळलं होतं ते?"

"नाही. तेले वाटते, माय फसली. तेले नोको सांगू. मायले मालूम हाये असं समजलं तं तो गावात पाय नाही ठेवनार." सूप खाली ठेवून तिनं डोळे पुसले. "भरले म्या म्हटलं ना बाई. तेनं नाही म्हटलं. लेकरू खेळलं. म्या तं मोठी होती."

"मग आता त्याचा ओ कशाला पाहिजे तुला?"

"तेनं एकडाव आपला ओ आपल्या आवाजानं देल्ला पाह्यजे," ती म्हणाली. "मंग मीबी एकडाव खरोखरचं भरले म्हनीन. बस. मंग मी आवाज देनं सोडून देतो."

मी ते कोणाला सांगितलं नाही. तिनं शपथ घातली नव्हती, पण ती माझ्यावर विसंबली होती आणि मला ते मोडवत नव्हतं. नंतरच्या दोन उन्हाळ्यांत प्रकाशदादा आला नाही. कंपनीत काम आहे, पोरीची परीक्षा आहे. आम्ही रावणवाडीला गेलो, मोठीमायनं आवाज दिला, आम्ही ओ दिला आणि ती "भरले" म्हणाली, पण वाढलेलं ताट मुकाट पुढं सरकवावं तसं.

मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. डावं अंग गेलं आणि वाचा गेली. जिचा आवाज धुऱ्यावरून बांधीत जात होता ती खाटेवर पडून नुसती पाहायची. प्रकाशदादा रजा टाकून आला आणि महिनाभर राहिला. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं त्यानं केलं. नर्सला हात लावू दिला नाही. पण दोघांमध्ये जे होतं ते तसंच होतं. तो तिचं तोंड पुसताना तिच्या डोळ्यांत पाहत नसे, हे मला दिसत होतं आणि मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता.

एक दिवस तोच म्हणाला, "मायला रावणवाडीला नेऊ."

गोवऱ्या घेतल्या, कणीक घेतली. वहिनी पोरांना घेऊन पुण्याहून आली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत उशा लावून मोठीमायला तलावाच्या काठी बसवलं. हवा चांगली होती, पाण्यावर बदकं होती, पलीकडच्या टेकडीवर ऊन पडलं होतं आणि मला ते सगळं असह्य झालं होतं. रोडगे या वेळी मी भाजत होते. पोरं खेळता खेळता लांब गेली. मोठीमायनं मान वर केली, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिनं पुन्हा उघडलं.

प्रकाशदादाची धाकटी, सई, आजीचं तोंड पाहत उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे. तिनंच दोन्ही हात तोंडाशी धरून "हूऽऽ" केलं.

तिच्या भावानं ओ दिला. माझ्या पोरांनी दिला. वहिनीनं, मी, आमच्या ह्यांनी. मग नेहमीसारखं सगळं थांबलं. मोठीमाय कोणाकडेच पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती. आणि तिच्या खुर्चीमागून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला द्यावा तसा, साधा, घोगरा झालेला आवाज आला.

"ओ, माय."

तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. तो पुढं येऊन तिच्या गुडघ्यांशी बसला. तिचे ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, पुन्हा दाबले गेले. ती काय म्हणत होती ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, पण तो शब्द काही बाहेर येत नव्हता. तिच्या घशातून नुसती हवा येत होती. चांगल्या हातानं तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. प्रकाशदादा कान तिच्या तोंडाशी नेऊन बसून राहिला. माझे रोडगे पार करपले, ते कोणी काढले नाहीत. ऊन टेकडीवरून उतरेपर्यंत तो तसाच कान लावून बसला होता.

मोह पडायच्या आधीच ती गेली.

या सुट्टीत आम्ही पुन्हा जमलो. जावं की नाही हे ठरत नव्हतं, मग वहिनीच म्हणाली, आईंना आवडलं असतं. म्हणून गायमुखला गेलो. तिथली पाण्याची धार उन्हाळ्यानं बारीक झाली होती. मी आणि प्रकाशदादा गोवऱ्या रचत बसलो होतो. धूर त्याच्या तोंडावर जात होता तरी तो हलला नाही.

"तिला माहीत होतं का गं?" त्यानं विचारलं.

कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. "हो," मी म्हटलं. "तेव्हाच कळलं होतं. ती हसली होती. भरले मी म्हटलं, त्यानं नाही म्हटलं, असं म्हणायची."

तो गोवरी हातात धरून बसला. मग म्हणाला, "मग त्या दिवशी रावणवाडीला तिला तेच म्हणायचं होतं?"

"तेच."

"मला ऐकू नाही आलं," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच माझ्यासमोर रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. धूर आहे, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

खाली खडकांतून सईनं आवाज दिला. आजीसारखाच, लांबलचक. पोरांनी ओ दिला. वहिनीनं दिला, मी दिला, आमच्या ह्यांनी दिला. प्रकाशदादानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं, नीट, आपला ओ दिला. तो ओ खडकांवर आपटून परत आला आणि मग सगळं शांत झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आता ‘भरले’ म्हणायचं कोणी, हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्याचं आपण द्यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सई थोडा वेळ खाली थांबली असेल. मग तिला वाटलं, वर कोणाला ऐकूच गेलं नाही, आणि तिनं पुन्हा आवाज दिला.